गोळी लालबागला राहिली

चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत परळच्या एसटी आगारात एक चक्कर मारून पाहा. पाय ठेवायला जागा नसते. मखराचे पुठ्ठे, विजेच्या माळा, लालबागच्या चिवडा गल्लीतल्या पुड्या, पोरांचे नवे कपडे, भावजयीला साडी, म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली. वर्षभर दहा बाय बाराच्या खोलीत काढणारा माणूस गावाला निघाला की सगळं आठवणीनं घेतो. एकच वस्तू हमखास मागं राहते. ती म्हणजे बीपीच्या गोळीची पट्टी.

बरं, ती दरवेळी विसरूनच राहते असंही नाही. कित्येकजण मुद्दाम ठेवून येतात. "आठ दिवस गावाक चललंय, थंय बीपी खंयसून वाढतला? हवा बरी, पाणी बरा," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित तुमच्याच पडवीत बसून कुणी म्हटलं असेल.

आमच्या वाडीतले एक तात्या. तरुणपणी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच. पुढं वॉचमनची नोकरी, बारा-बारा तासांची ड्युटी, निम्मी रात्रपाळी. पन्नाशीत बीपी निघालं. सकाळी एक गोळी सुरू झाली आणि ती खाऊन तात्या ठणठणीत होते. काही वर्षांमागे चतुर्थीला आले ते पट्टी खोलीतल्या फ्रिजवर ठेवून. पाचव्या दिवशी रात्रभर भजन झालं. उजाडता उजाडता चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून गळला. उचलायला वाकले ते वाकलेच. तोंड डावीकडं ओढलेलं, बोलायला जावं तर जीभ जड.

मग काय काय झालं ते ऐका. कुणी म्हणालं वारं बसलं. कुणी तेल कोमट करून हात चोळायला बसलं. कुणी शहाळं फोडून पाणी पाजलं, त्याचा ठसका लागून तात्या काळेनिळे झाले. एकजण तर कबुतर मिळतं का बघायला पलीकडच्या वाडीत धावला, कारण कबुतराचं रक्त चोळलं की लकवा उतरतो म्हणे. गाडी मिळाली तेव्हा नऊ वाजून गेले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याच्या इस्पितळात. स्कॅन होईस्तोवर सहा-सात तास गेले होते. तात्या वाचले. उजवा हात मात्र अजून पुरता वळत नाही. महिन्यानं मुलानं लालबागची खोली उघडली तेव्हा पट्टी फ्रिजवर तशीच होती. त्यात एकवीस गोळ्या शिल्लक होत्या.

ही एकट्या तात्यांची गोष्ट नाही, म्हणून या पानावर लिहायला घेतली.

दाब चढतो म्हणजे काय होतं

तुमच्याकडं पंपाची लाईन असेल तर हे समजायला वेळ लागायचा नाही. पंप सारखा जास्त दाबानं चालवा, पाईप काही पहिल्याच दिवशी फुटत नाही. वर्षभर चालतो, दोन वर्षं चालतो. आतून मात्र तो कमजोर होत जातो, सांधे ढिले पडतात, गाळ धरतो. मग एक दिवस कुठंतरी तुंबतो, नाहीतर फुटतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच आहे. रक्ताची गुठळी अडकून वाहिनी तुंबली की पुढचा मेंदूचा भाग सुकतो. वाहिनी फुटली तर आत रक्तस्राव होतो. बहुतेक झटके तुंबण्याचे असतात, फुटण्याचे कमी, पण ते जास्त जीवघेणे. दोन्हींचं सर्वांत मोठं कारण एकच, वाढलेला रक्तदाब. ३२ देशांतले हजारो रुग्ण तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासातही रक्तदाबच पहिल्या नंबरावर होता.

आणि हा दाब दुखत नाही. सगळी अडचण तिथंच आहे. दात दुखला की माणूस रात्री बारा वाजता डॉक्टर शोधतो. बीपी १७० झालं तरी बहुतेकांना काहीच कळत नाही. "माझं डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही" हा समज शहरात आहे तेवढाच गावात आहे. डोकं दुखेल त्या दिवशी गोळी घ्यायची, असा हिशेब ठेवणारे तर पायलीला पन्नास सापडतील.

मुंबईच्या महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा दर १०० प्रौढ मुंबईकरांत ३४ जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर तीस मोठी माणसं राहत असतील तर त्यांत दहाजण बीपीवाले धरा. त्याआधी २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वांद्रे-खार बाजूच्या सुमारे १ लाख ५७ हजार वस्तीत पहिल्यांदाच झटका आलेले रुग्ण शोधून मोजले. ते ४५६ भरले. सरासरी वय ६६. २८ दिवसांच्या आत दर दहांतले जवळजवळ तीन गेले. हे मुंबईतलं, जिथं रिक्षा फिरवली की इस्पितळ येतं. आपल्या घाटीतल्या वाडीचा हिशेब तुम्हीच करा.

परळच्या इस्पितळातून निघालेली गोष्ट

आता थोडं मागं जाऊ. ही गोष्ट परळची आहे आणि परळकरांनाही फारशी ठाऊक नाही.

महात्मा फुले यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात लोकांनी 'महात्मा' ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हातानं लिहून पुरं केलं, आणि २८ नोव्हेंबर १८९० ला त्यांचं निधन झालं. जोतिरावांचा रक्तदाब किती होता? कुणालाच सांगता यायचं नाही. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनी काढलं ते १८९६ मध्ये, आणि नळीनं ठोके ऐकून वरचा-खालचा आकडा सांगायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी दाखवली ती १९०५ मध्ये.

मोजता यायला लागलं म्हणून उतरवता येत होतं असं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० भरला होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरकडं तेव्हा तो उतरवायला धड औषध नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच.

तेच औषध पुढं चार वर्षांत जगाला कळलं ते आपल्या मुंबईतून. डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या केईएम इस्पितळातले हृदयरोगाचे डॉक्टर. केईएम म्हणजे १९२६ मध्ये सुरू झालेलं, गिरणगावाच्या ऐन मध्यावरचं इस्पितळ. गिरणीतल्या माणसाला लागलं-खुपलं की तो जातो ते. वकिलांनी सर्पगंधेच्या मुळीची गोळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दाब किती उतरला याची पद्धतशीर नोंद ठेवली आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ती छापली. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनी ठाऊक. पण मोजून, लिहून, जगापुढं ठेवल्यावर युरोप-अमेरिकेतले डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतलं रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाब गोळीनं उतरवता येतो, हे जगाला पटवणाऱ्या पहिल्या माणसांत परळच्या इस्पितळातला हा डॉक्टर होता.

इथं एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी रानात कुदळ घेऊन निघेल. सर्पगंधेची मुळी घरी उगाळून घ्यायची नाही. तिच्यातलं औषध किती पोटात जातं त्याचा अंदाज नसतो आणि मन खचण्यासारखे तिचे त्रास आहेत. म्हणून तर डॉक्टरांनी ती मागं टाकली आणि अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी सौम्य औषधं आली. पुन्हा, ही वनस्पती आता रानात दुर्मीळ झालीय. तिला राहू द्या.

सांगायचा मुद्दा असा, की ज्या गोळीवाचून रूझवेल्ट गेले, त्याहून चांगली गोळी आज केईएमपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसाच्या फ्रिजवर पडून असते. आणि माणूस कणकवलीत.

गोळी सुटते कशी

गोळी का सोडता, असं लालबाग-परळच्या पाच-पंचवीस बीपीवाल्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली येतात. पहिलं, "मोजलं, नॉर्मल आलं, म्हणून बंद केली." अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळं! छत्री उघडली म्हणून भिजलो नाही, तर आता पाऊस थांबला असं समजून कुणी छत्री मिटतो का? दुसरं, "सवय लागते." सवय जेवणाचीही लागते. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळीची नशा नसते. ती रोज लागते कारण आजार रोज असतो. तिसरं, "किडनी बिघडते." उलट आहे. न उतरवलेला दाबच मूत्रपिंड खातो. काही गोळ्यांसाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं हे खरं, ते डॉक्टर सांगतात. चौथं मात्र खरं कारण आहे. केईएमच्या ओपीडीत एका गोळीसाठी अर्धा दिवस जातो आणि रोजंदारीवाल्याला अर्धा दिवस परवडत नाही. यावर माझ्याकडं उपदेश नाही. एवढं सांगतो, की २०२२ पासून मुंबईत वस्त्यावस्त्यांत 'आपला दवाखाना' सुरू झाला आहे. तिथं दाब मोजून मिळतो, औषध फुकट मिळतं. मोठ्या इस्पितळाची रांग दरवेळी लावायलाच हवी असं नाही.

गावाकडची सोय तर अनेकांना माहीतच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि सरकारनं मिळून रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम २०१८ च्या सुमारास सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले पहिल्या टप्प्याचे जिल्हे कोणते होते? सातारा, वर्धा, भंडारा आणि आपला सिंधुदुर्ग. म्हणजे गिरणगावात ज्या दोन मुलखांतून माणसं भरली, कोकण आणि घाट, त्या दोन्हींकडं हे काम सुरुवातीपासून आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एकावेळी महिन्याचं औषध, आणि तारखेला आला नाही तर त्याचा माग. या कार्यक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तेव्हा चाकरमानी पट्टी विसरून आला असेल तर त्याला जुना कागद किंवा रिकाम्या पट्टीचा मोबाईलवरचा फोटो घेऊन आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात पाठवा. (उपकेंद्राच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलेलं दिसेल.) 'मी इथला नाही' म्हणून घरी बसण्यात काही अर्थ नाही.

आठ दिवस सोडली तर एवढं काय बिघडतं, हाही प्रश्न येतो. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी अंगातून हळूहळू उतरते. पहिले दोन-तीन दिवस काही जाणवत नाही, त्यामुळं माणूस निर्धास्त होतो, आणि मग दाब जुन्या जागी चढतो. म्हणजे नेमका पाचव्या-सहाव्या दिवशी. अ‍ॅटेनोलॉलच्या जातीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर नाडी आणि दाब उसळी घेतात. त्यात चतुर्थीचे दिवस. जागरण, पत्ते, खारं-तळलेलं, कुणाकुणाची रात्रीची 'बसणूक'. तात्यांचा कप पाचव्या दिवशी गळला तो उगाच नव्हे.

आणि म्हातारपणी वरचा आकडा वाढायचाच, असं म्हणून सोडूनही देऊ नका. फक्त वरचाच आकडा वाढलेल्या साठीपुढच्या माणसांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, १९९१ मध्ये त्याचा निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत झटक्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी निघालं. वरचा आकडा दहानं उतरला तरी झटक्याचा धोका पावपट कमी होतो, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

आता मोजायचं कसं ते. चाळीचे तीन जिने चढून, किंवा एसटीतून उतरून धावत जाऊन दंड पुढं केला तर आकडा खोटा येणार. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. लघवी तुंबवून बसू नका. दोनदा मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दवाखान्यात १४० वर ९० आणि घरी १३५ वर ८५ याच्या पुढं वारंवार जात असेल तर डॉक्टरकडं जायलाच हवं. घरचं मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

मिठाची पुडी किती दिवस जाते?

गिरगाव, दादर, परळकडची माणसं आणि आपण, जीभ एकच. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, खारातल्या कैऱ्या, लोणचं, पापड. परत जाताना मुंबईला नेतात तेही हेच. गावाहून निघालेल्या पिशवीत काय असतं? सुकं मासं आणि लोणच्याची बरणी. आपण प्रेमानं भरून देतो. त्यातलं निम्मं प्रेम मीठ असतं.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. एक सपाट चहाचा चमचा. आयुर्विज्ञान परिषदेच्या पाहणीत भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम खातो असं दिसलं, पुरुष त्याहून थोडं जास्त. मला तराजू नाही जमत, म्हणून मी घरी वेगळा हिशेब केला. चार माणसांच्या घरात ५ ग्रॅमप्रमाणं किलोची पुडी पन्नास दिवस जायला हवी. महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम चाललंय. पंचवीस दिवसांत संपली तर १०. मासळी धुण्यात थोडं वाया जातं हे कबूल, पण फरसाण, खारी, पापड यांतलं मीठ या पुडीत धरलेलंच नाही. तुम्हीही पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा.

मसाल्याला मात्र उगाच शिव्या देऊ नका. एप्रिल-मे महिन्यात लालबागला मिरच्या कांडून घ्यायला बायकांच्या रांगा लागतात, आणि घरातला म्हातारा म्हणतो तिखटानं बीपी वाढतं. तिखटानं पोट जळेल, पण बीपीचा खरा वैरी मीठ. सुकं मासं कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग कालवण करा, वरून मीठ घालू नका. पानात वाढताना मीठ-लोणचं डावीकडं मांडायची आपली रीत आहे. बीपीवाल्याच्या पानात ती जागा रिकामी ठेवली तर पानाचा अपमान होत नाही.

चीनमध्ये खेड्यांतच एक मोठा प्रयोग झाला. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी झटका येऊन गेलेला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं. पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा दुसऱ्या गावांत झटके १४ टक्के कमी भरले. असं मीठ आपल्याकडंही दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम वाढून भलतंच होईल.

बिडी-सिगारेटनं झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि कुणी ऐकत नाही. मी त्यावर वेळ घालवत नाही. मशेरीबद्दल मात्र कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. गावातल्या नि चाळीतल्या किती म्हाताऱ्या सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूळ भरत नाहीत! ती भाजलेली तंबाखूच. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, दाब चढवतं. बीपीची गोळी नि मशेरी एकाच ताकात घालून घुसळल्यासारखं होतं. आजीला "तू तंबाखू खातेस" म्हटलं की राग येतो. मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे, असंच तिला वाटत आलेलं असतं.

चालण्याचं म्हणाल तर शिवाजी पार्कचा कट्टा, गिरगाव चौपाटी, परळचं कामगार मैदान, जागा आहेत. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. गावात तर जागेची वाण नाही. पण निवृत्त होऊन आलेला चाकरमानी दारापासून बाजारपेठेपर्यंत रिक्षानं जातो, हेही बघतो आम्ही.

कप गळला तर

एवढं करूनही झटका येऊ शकतो. तेव्हा घड्याळ बघा. तोंड एका बाजूला ओढलंय का, हसायला सांगा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का. एक साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळतेय का. एकाएकी तोल गेला, एका डोळ्यापुढं अंधारी आली, तेही धरा. यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८ ला फोन. ही गाडी २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवर 'चक्कर आली' असं मोघम सांगू नका, 'अर्धांगाचा झटका वाटतो' असं स्पष्ट सांगा.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन हवाच, कारण तुंबलंय की फुटलंय हे बाहेरून कळत नाही, आणि फुटलेल्याला ते इंजेक्शन म्हणजे मरण. मोठ्या वाहिनीतली गुठळी तार घालून काढायची सोय मोठ्या इस्पितळांत असते, काही निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करतात. पण त्या भरवशावर बसायचं नाही. झोपेतून उठल्यावर हात गेलेला दिसला तर वेळ उठल्यापासून मोजत नाहीत, रात्री शेवटचा धड कधी पाहिला तिथून मोजतात. ती वेळ डॉक्टरला सांगा.

कणकवलीहून परळला गाडीनं आठ-दहा तास सहज लागतात. "थेट केईएमला नेऊ, तिथं आपला माणूस आहे" हा विचार झटक्याच्या वेळी घातक आहे. आधी जवळचं, स्कॅन असलेलं इस्पितळ. ते कुठलं, हे आज चौकशी करून ठेवा. ओरोस, बांबोळी, जे जवळ पडेल ते.

तोंडात काही घालू नका. पाणी नाही, शहाळं नाही, गोळी नाही. गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं. जिभेखाली बीपीची कॅप्सूल फोडायची जुनी खोड काही ठिकाणी आहे, ती सोडा. झटक्यात दाब धाडकन उतरला तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही. कुशीवर निजवा, कॉलर सैल करा, औषधांचा कागद बरोबर घ्या. कबुतराला जगू द्या.

आणि हात दहा मिनिटं लुळा पडून आपोआप सुधारला तर "गेलं, बरं झालं" म्हणून आरतीला उभे राहू नका. तो येऊ घातलेल्या मोठ्या झटक्याचा सांगावा असतो, आणि पुढचे दोन-चार दिवस सर्वांत वाईट. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

गिरगावच्या जुन्या चाळींत आणखी एक काळजी आहे. पोरं डोंबिवली-बोरिवलीला गेली, म्हातारी दोघं मागं राहिली, त्यातलं एक गेलं की एकजण. झटका आला तर तोंड वाकडं झालंय हे सांगायलाच कोणी नसतं. तुमच्या घरचं असं कोणी मुंबईत एकटं असेल, तर रोज सकाळी एक फोन करा नि चार वाक्यं बोलून घ्या. बोली अडखळली तर गावात बसून तुम्हाला कळेल. शेजारच्या खोलीतल्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का, तेवढं आत्ताच पाहा.

तात्यांकडं परवा जाऊन आलो. काकींनी आता तीन पट्ट्यांची व्यवस्था लावली आहे. एक लालबागला चहाच्या डब्याशेजारी, कारण चहा तात्या विसरत नाहीत. एक गावच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर, ती दरवर्षी तारीख बघून बदलतात. तिसरी परतीच्या तिकिटाच्या पाकिटात. गप्पा चालू असताना काकींनी पाकीट पुढं केलं. तात्यांनी उजव्या हातानं ते मांडीवर कसंबसं दाबून धरलं आणि डाव्या हातानं पट्टी आत सरकवली.